पुढच्या साथीत शेवटचा बेड कुणाला? नियम आत्ताच लिहून ठेवायचा का?

आंबेघाट

आमच्या तालुक्याच्या गावी ट्रस्टचं १०० खाटांचं रुग्णालय आहे, मी तिथे प्रशासनात. साथरोग आराखडा नव्याने करायचाय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. जुना आराखडा काढून बसलो. ऑक्सिजनची टाकी, पीपीई, जैववैद्यकीय कचरा, शववाहिका, सगळ्याला पानंच्या पानं. आणि 'खाटा अपुऱ्या पडल्यास' या मथळ्याखाली एकच ओळ: परिस्थितीनुसार वैद्यकीय अधिकाऱ्यांनी निर्णय घ्यावा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ती परिस्थिती आली होती. निर्णयही झाले. ते कुणी घेतले, कशाच्या जोरावर घेतले, याचा एक चिटोराही आमच्या दप्तरी नाही.

बाहेरच्यांनी काय केलं ते थोडं वाचलं. इटलीत अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने ६ मार्च २०२० लाच कागद काढला होता: खाटा संपत आल्या की 'जो आधी आला त्याला' हे चालणार नाही, कदाचित वयाची मर्यादासुद्धा घालावी लागेल. न्यूयॉर्क राज्याने तर कोविडच्या आधीच, २०१५ मध्ये, इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली तर व्हेंटिलेटर कसे वाटायचे याची नियमावली करून ठेवली होती. मोठ्या माणसांसाठी वय हा निकष नाही, हुद्दा नाही, पैसा नाही. वाचण्याची शक्यता किती, एवढंच. अवयवांच्या स्थितीवरून गुण, ४८ आणि १२० तासांनी फेरतपासणी, आणि गुण सारखे आले तर चिठ्ठ्या टाकायच्या.

माझं मत: आपणही लिहावं, साथ नसताना लिहावं आणि दारावर लावावं. पण लिहायला बसलो की पेन अडतं. वय धरायचं का? आपल्याच नर्सेसना आधी द्यायचं का? एकदा लावलेला व्हेंटिलेटर काढून दुसऱ्याला देता येतो का? इथे डॉक्टर, वकील, सिस्टर सगळे आहेत म्हणून विचारतोय. कुठल्या पक्षाने काय केलं यासाठी दुसरे धागे आहेत, कृपया तिकडे.

कुंपणावरचा

लिहा की. छान लॅमिनेट करून कॅज्युअल्टीत टांगा. साहेबांच्या पीएचा फोन आला की त्यावरच चहाचा कप ठेवता येईल.

दुसरीपाळी

कुंपणावरचा, हसले, पण चहा प्यायला वेळ नव्हता हो तेव्हा.

मी स्टाफ नर्स. दुसऱ्या लाटेत एका मोठ्या शहरातल्या कोविड आयसीयूत होते. आंबेघाट, तुम्ही वाचलेले सगळे नियम आयसीयूच्या दारापासून सुरू होतात. आमच्याकडे पहिला निर्णय त्याच्या बराच आधी, गेटवर व्हायचा, आणि तो वॉचमन घ्यायचा. "बेड नाही, पुढे बघा." रिक्षा वळून जायची. त्या रिक्षात कोण होतं, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) किती होतं, पुढे काय झालं, कुठल्याच रजिस्टरला नोंद नाही. ज्याला गेटवरच्या पोराची भाषा कळत होती, आवाज चढवता येत होता किंवा आतल्या कुणाचं नाव घेता येत होतं, तोच आत यायचा.

आणि बेड 'रिकामा होतो' म्हणजे काय तेही सांगते. पेशंट गेला की बॉडी बॅग, नातेवाइकांना फोन, मग हायपोक्लोराइटने गादी पुसायची, कठडे, मॉनिटरच्या वायरी, सक्शनची बाटली. रात्री दोघी असलो तर पाऊण तास सहज. तेवढ्या वेळात खाली कॅज्युअल्टीत खुर्च्यांवर बसलेले पाच-सहा जण असायचे, एका सिलिंडरला वाय कनेक्टर लावून दोघा-दोघांना ऑक्सिजन. त्यांतला कोण वर येणार हे ठरवायला खाली रेसिडेंट एकटा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. तो खालून विचारायचा, "सिस्टर, कुणाला पाठवू?" आणि तेवढ्यात ऑफिसमधून निरोप, 'एक व्हीआयपी ॲडमिशन निघालंय, बेड होल्ड करा.'

त्या मुलाच्या हातात एक लेखी कागद असता तर तो निदान म्हणू शकला असता की साहेब, मला अधिकार नाही. म्हणून माझं मत लिहाच.

भूलवैद्य

दुसरीपाळी ताईंशी शंभर टक्के सहमत. मी भूलतज्ज्ञ, जिल्ह्याच्या ठिकाणी. माझा मुद्दा वेगळा आहे: शेवटच्या बेडचा प्रश्न शेवटच्या रात्री पडतो, पण वाटप पंधरा दिवस आधीच सुरू झालेलं असतं.

गणित बघा. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. हाय फ्लो नेझल कॅन्युला (नाकातून जोराने ऑक्सिजन देणारी नळी) मिनिटाला ६० लिटरवर, जवळजवळ शुद्ध ऑक्सिजनवर चालवली तर तो दोन तासही पुरत नाही. तोच सिलिंडर ५ लिटरवर असलेल्या पेशंटला २३ तास जातो. म्हणजे एका माणसाला हाय फ्लो लावताना मी बारा जणांचा ऑक्सिजन त्याला देत असतो. ते चूकच असं नाही, कधीकधी तोच माणूस त्यावर वाचतो. पण हा निर्णय रोज कुणीतरी फ्लोमीटरची खुंटी फिरवताना घेत होतं आणि त्याला कुणी नीतिशास्त्र म्हणत नव्हतं. सॅच्युरेशन ९९ दिसलं की नातेवाईक खूश. टंचाईत ९२ ते ९६ पुरे. प्रत्येक वॉर्डात दर शिफ्टला एक सिस्टर फक्त ऑक्सिजन बघणार, जेवताना मास्क बाजूला ठेवला तर खुंटी बंद करणार, एवढं केलं तरी दिसण्याइतका फरक पडतो. आंबेघाट, तुमच्या आराखड्यात हे पहिलं कलम असू द्या. माणसं निवडायची वेळ जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलणं, हेही नीतीचंच काम आहे.

मुंबईचं उदाहरण. १७ एप्रिल २०२१ च्या पहाटे महापालिकेच्या सहा रुग्णालयांत ऑक्सिजन संपत आला होता. तिथले १६८ पेशंट रातोरात जम्बो सेंटरांत, म्हणजे तात्पुरत्या मोठ्या कोविड रुग्णालयांत, हलवले. ते जमलं कारण जम्बोत बेड शिल्लक होते आणि ते कुठे आहेत हे ठाऊक होतं. २०२० च्या जूनपासून शहराच्या २४ वॉर्डांच्या २४ वॉर रूम होत्या, पॉझिटिव्ह रिपोर्ट आधी पालिकेकडे, मग वॉर रूममधून बेड. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ऑक्सिजनचं प्रकरण ऐकताना मुंबईकडून शिका म्हणून सांगितलं, ते याचसाठी. सगळं आलबेल नव्हतं, मलाही किस्से ठाऊक आहेत. तरी एक गोष्ट मोठी झाली. बेड कुणाला हे ठरवणारा माणूस आणि पेशंटसमोर उभा असलेला डॉक्टर हे दोघे वेगळे झाले.

आणखी एक, थोडं अवांतर. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाला मदत करणारी यंत्रं होती सात: एक पेशंटला आत झोपवायची लोखंडी टाकी आणि सहा छातीवर बसवायची. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडकलेल्या ३१ पैकी २७ पेशंट गेले. मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशाला छिद्र पाडून रबरी पिशवीने हाताने श्वास द्यायची पद्धत आणली, आणि साधारण १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोनमहिने पिशव्या दाबत बसले. सात यंत्रं कुणाला द्यायची यावर समिती नेमत बसले असते तर? (आमच्या धंद्यातला देव आहे तो, म्हणून राहवलं नाही.)

चष्मिष्ट

डॉक्टर, ऑक्सिजन वाचवा वगैरे ठीक. पण शेवटी बेड एक आणि माणसं दोन, हा प्रश्न तुम्ही शिताफीने टाळलात. :)

मी सरळ बोलतो. चाळिशीतली दोन लहान लेकरांची आई आणि ऐंशीचे आजोबा असतील तर बेड आईला. माझे वडील ७८ चे आहेत. त्यांनाच विचारलं, ते म्हणाले, यात विचारायचं काय? मग लिहायला का लाजायचं?

दुसरीपाळी

तुमच्या वडिलांनी स्वतःसाठी म्हटलं, त्यांना नमस्कार. पण दुसऱ्याच्या वडिलांसाठी ते तुम्ही म्हणू शकत नाही. त्या काळात 'आजोबांनी तरुणासाठी बेड सोडला' छापाचे फॉरवर्ड फिरायचे. वॉर्डात त्याचा परिणाम काय झाला माहितीये? एक आजी मला दर फेरीला विचारायच्या, "पोरी, मी उठू का इथून? कुणी लहान आहे का खाली?" सॅच्युरेशन ८६. त्यांना गप्प झोपवताना माझ्या नाकी नऊ आले.

लीड्सकर

इथल्या अनुभवावरून लिहितो, मी एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, फिजिओ आहे. २० मार्च २०२० ला नाइसने (उपचारांच्या मार्गदर्शिका काढणारी इथली सरकारी संस्था) अतिदक्षतेसाठी मार्गदर्शिका काढली. वय नव्हतं, पण 'फ्रेल्टी स्केल' होता: १ ते ९, माणूस रोजची कामं स्वतः किती करतो त्यावरून; आकडा वर गेला की आयसीयूची शक्यता कमी. कागदावर निर्मळ. पण ऑटिझम असलेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या तरुणांच्या घरच्यांनी हिशोब केला तर त्यांच्या मुलांचे आकडे वर जात होते, कारण त्यांना आंघोळीला, जेवायला मदत लागते. फुप्फुसं ठणठणीत असली तरी! आरडाओरडा झाला, खटल्याची तयारी झाली आणि २५ मार्चला दुरुस्ती आली: ६५ च्या खाली हा स्केल वापरू नका, आणि दीर्घकाळचं स्थिर अपंगत्व असेल तर कुठल्याच वयात वापरू नका.

पाच दिवसांत दुरुस्त झालं, कारण ते छापलेलं होतं. डॉक्टरच्या डोक्यात असतं तर कुणाला कळलंही नसतं. चष्मिष्ट, तुमचा वयाचा नियमही छापा, मग बघू कोण काय म्हणतं.

कुंपणावरचा

मग समिती नेमा ना. गावातले चार प्रतिष्ठित, एक निवृत्त हेडमास्तर, एक भटजी-कम-समाजसेवक. निःपक्षपाती.

भूलवैद्य

झालंय तेही. सिएटलला १९६२ मध्ये. डायलिसिसची यंत्रं मोजकी, म्हणून सात जणांची समिती, बहुतेक सामान्य नागरिक. वैद्यकीय चाळणीतून आलेल्यांपैकी कुणाला जगवायचं ते त्यांनी ठरवायचं. मग बघू लागले लग्न झालंय का, नोकरी काय, चर्चला जातो का, लेकरं किती. 'लाइफ' मासिकाने ते छापलं आणि देश हादरला. म्हणजे आपल्यासारखे दिसणारे, आपल्यासारखे राहणारे वाचले. तिथला पेच सुटला तो दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, सरकारने डायलिसिसचा खर्च उचलायचं ठरवल्यावर.

समितीत बाहेरचा माणूस हवा, पण नियम करताना. रात्री तीनला पेशंट निवडताना नको.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, तुम्ही सगळे मुंबई-लीड्सच्या गोष्टी करून राहिले, थोडं आमच्याकडे पण या.

गुणांची पद्धत वाचून बरी वाटते. पण गुण कमी कोणाला भेटतात? जो उशिरा पोचला त्याले. मेळघाटातला माणूस आधी धारणीला, तिथून अमरावतीला, तिथंही जागा नसली तर नागपूरला. पोचेपर्यंत त्याची किडनी बसलेली, बीपी पडलेलं. शहरातला माणूस घरी ऑक्सिमीटर घेऊन बसला होता, ९३ झालं की निघाला. आता तुमचा नियम म्हणतो वाचायची शक्यता कोणाची जास्त. त्या माणसानं आपल्या गावी दवाखाना नसल्याची सजा दोनदा भोगायची काय? जिल्हा रुग्णालयात बाहेरच्या तालुक्यांसाठी काही बेड बाजूला ठेवा, हे पण लिहा तुमच्या कागदात.

दुसरं, रेमडेसिव्हिर. एप्रिल २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाला सरकारला सांगावं लागलं की १०,००० कुप्या नागपूरला पाठवा. लोकांनी दागिने मोडले, रात्र-रात्र रांगा लावल्या, काळ्या बाजारात घेतल्या. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं की दाखल पेशंटला देऊ नका, जीव वाचतो असा पुरावा नाही. (नंतर २०२२ मध्ये सल्ला बदलला, आधी सौम्य आजार पण धोका जास्त अशांसाठी, मग गंभीर पेशंटसाठी पण.) ऑक्सिजनवरच्या माणसाला वाचवते हे ज्याचं सिद्ध झालं होतं ते डेक्सामेथासोन, ते तर कोणत्याही मेडिकलात स्वस्तात भेटे. म्हणजे भाऊ, टंचाई खरी कशाची आणि घबराटीनं बनवलेली कशाची, हे आधी पाहा. नाहीतर ज्या गोष्टीचा फायदा नक्की नाही तिचंच न्याय्य वाटप करत बसाल.

चष्मिष्ट

+१ वऱ्हाडी. उशिरा पोचणाऱ्याचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. वयाबद्दल मत तेच आहे.

कज्जेवाला

वकील म्हणून व्हेंटिलेटर काढण्याबद्दल, कारण आंबेघाट यांचा खरा अडलेला प्रश्न तोच आहे.

आपल्याकडे हा विषय केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणापासून, २०११ च्या निकालापासून आहे. ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, पण उपचार थांबवण्याची पद्धत अशी घातली की रुग्णालयाचं मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं मंडळ, मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन पाहायचं. दुसऱ्या लाटेत हीच पद्धत लागू होती. तेव्हा कुठले दंडाधिकारी पीपीई घालून येणार होते? २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली: दोन्ही मंडळं रुग्णालयच नेमतं, दुसऱ्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला, शक्यतो ४८ तासांत निर्णय आणि दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं.

पण नीट वाचा. हे सगळं त्या पेशंटच्या स्वतःच्या हितापुरतं आहे: उपचाराचा त्याला उपयोग उरला नाही म्हणून थांबवणं. 'दुसऱ्याला जास्त उपयोग होईल म्हणून याचा काढतो' याला त्या निकालांत आधार नाही. न्यूयॉर्कची ४८ आणि १२० तासांची फेरतपासणी जशीच्या तशी उचललीत तर उद्या एफआयआर तुमच्या डॉक्टरवर. हे कलम एखाद्या ट्रस्टने लिहायचंच नाही, राज्याने कायद्याने करायला हवं. तुम्ही एवढं करा: दाखल करतानाच नातेवाइकांना सांगा आणि लिहून घ्या की व्हेंटिलेटर अमुक दिवस लावून बघू, सुधारणा नसेल तर बसून बोलू. ते टंचाई नसतानाही करावं.

आणि गेटवरून परत पाठवण्याबद्दल: १९९६ चा पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीचा निकाल शोधून वाचा. रेल्वेतून पडलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी बेड नाही म्हणून परत लावलं. न्यायालय म्हणालं, हा घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा, भंग आहे, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, आणि कुठे बेड रिकामा आहे हे कळायला मध्यवर्ती संपर्क यंत्रणा करा. १९९६! आपण तो डॅशबोर्ड २०२० मध्ये बनवला.

तिरफळ

गोव्याहून. इथे कोणी गोमेकॉचं (गोवा मेडिकल कॉलेजचं) नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. मे २०२१, बांबोळी. ११ तारखेच्या पहाटे २ ते ६ च्या दरम्यान २६ माणसं गेली. पुढच्या पहाटेही तेच भय. कारण काय, तर सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणायच्या, एक संपली की दुसरी जोडायची, आणि त्या मधल्या वेळात पाइपातला दाब पडायचा. हायकोर्टाला मध्ये पडावं लागलं. बेड होते, माणसं बेडवर होती, व्हेंटिलेटरही लागलेले होते.

नातेवाईक वॉर्डात थांबू लागले होते, डोळे फक्त त्या मॉनिटरवर. माझ्या शेजारच्या घरातला एक मुलगा आईजवळ बसून रात्रभर दर पंधरा मिनिटांनी वहीत आकडा लिहायचा. २.१० ला ९१, २.२५ ला ८४, २.४० ला ७७. ती वही अजून त्यांच्या कपाटात आहे.

तुमच्या आराखड्यात रात्री २ ते ६ चा जबाबदार माणूस कोण, त्याचं पद आणि मोबाइल नंबर लिहा. आमच्याकडे सकाळी सगळे होते.

आंबेघाट

सगळ्यांचे आभार. दोन रात्री बसून मसुदा केला, थोडक्यात असा.

गेटवर वॉचमन नाही, सिस्टर. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद, परत पाठवलेल्याचीही: वेळ, सॅच्युरेशन, कुठे पाठवलं, तिथे फोन केला का. ऑक्सिजनची शिफ्टवार तपासणी आणि रात्रीचा जबाबदार अधिकारी, नंबरासकट. बेडचा निर्णय दोन डॉक्टर आणि एक वरिष्ठ सिस्टर घेतील, तिघांपैकी कुणीही त्या पेशंटवर उपचार करत नसेल. निकष वाचण्याची शक्यता. वय, अपंगत्व, पैसे, ओळख यांपैकी काहीही नाही. समान असतील तर चिठ्ठी. चार खाटा दुर्गम गावांसाठी राखीव. व्हेंटिलेटर काढून दुसऱ्याला देण्याचं कलम गाळलं, कज्जेवाला यांच्या सल्ल्याने. आणि शिफारशीचा जो फोन येईल तो नाव-वेळेसकट वेगळ्या नोंदवहीत.

कर्मचाऱ्यांना प्राधान्याचं अजून कोरं ठेवलंय.

दुसरीपाळी

ते कोरं ठेवू नका. न्यूयॉर्कवाल्यांनी नाही म्हटलं, मला कारण कळतं: व्हेंटिलेटरवर गेलेली नर्स त्या साथीत काही कामाला परत येत नाही. पण आमच्या वॉर्डातली मावशी, कंत्राटी, ४०० रुपये रोजावर, पॉझिटिव्ह आली तेव्हा तिला तिच्याच रुग्णालयात बेड नव्हता. बेडचं प्राधान्य नको असेल तर नका देऊ. मग मास्क, लस, विमा आणि राहायची जागा यांत पहिला नंबर आमचा, आणि 'आमचा' मध्ये मावशी, मामा, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आणि स्मशानातली पोरं धरून. हे लिहा.

चिठ्ठीचं मात्र मला अजून पचत नाही. नातेवाइकांसमोर चिठ्ठी उचलणार कोण? मला नाही जमणार.

भूलवैद्य

मलाही नाही. पण दोघांचे गुण सारखे असताना मी 'बघून' ठरवलं तर मी कुणाला बघेन, माझ्या भाषेत बोलणाऱ्यालाच ना? चिठ्ठी संगणकाने उचलावी आणि ती आतल्या खोलीत. चार खाटा राखीव ठेवल्यात त्या किती तास रिकाम्या धरायच्या तेही लिहा, नाहीतर बाहेर माणूस तडफडतोय आणि आत बेड कोरा, यावरून मारामारी होईल.

आंबेघाट

सहा तास धरतो. कर्मचाऱ्यांचं ताई म्हणतात तसं.

ताजी बातमी: विश्वस्तांची बैठक झाली. राखीव खाटा मान्य, चिठ्ठीवर कुरकुर पण मान्य, ऑक्सिजन मान्य. शिफारशीच्या फोनची नोंदवही लाल शाईने खोडलीय. "याची गरज नाही, आपल्याकडे असं होत नाही."

कुंपणावरचा

:))

कज्जेवाला

खोडू द्या. फक्त कलम का वगळलं हे इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली सह्या. ऑपरेटरकडे येणाऱ्या कॉलची वही आधीपासून असेलच, तिच्यात एक रकाना वाढवायला विश्वस्तांची परवानगी लागत नाही.